प्रभू येणार, मग पेरणी कशाला?

2025च्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या सुमारास, आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच गोष्टी फिरत होत्या. एक म्हणजे व्हिडिओ. दक्षिण आफ्रिकेतला एक माणूस शांत आवाजात सांगत होता, की येशूने मला दर्शन दिलं आणि 23 किंवा 24 सप्टेंबरला तो आपल्या लोकांना उचलून नेणार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सीना नदीचे फोटो. नेमक्या त्याच दिवसांत सीनेने पात्र सोडलं होतं. सोलापूर, धाराशिव, बीड, आमचा नगर जिल्हा, सगळीकडे तेच. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली, दावणीची जनावरं दावणीलाच मेलेली. पाणी ओसरल्यावर कळलं की कित्येक शेतांतली मातीच वाहून गेलीय, खाली नुसता मुरूम उरलाय.

ग्रुपवर कुणीतरी दोन्ही गोष्टी जोडल्या. ‘चिन्हे पूर्ण होत आहेत. मत्तय 24 वाचा. तयार राहा.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

मी तेव्हा चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. नदीकाठच्या वस्तीवरची माणसं शाळेत आणून ठेवली होती, त्यांच्यासाठी भाकरी चालल्या होत्या. आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई, सगळे त्यांना मावशीच म्हणतात, परातीसमोर बसल्या होत्या. कोपरापर्यंत पीठ. मी त्यांना तो मेसेज वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाल्या, “येऊ दे की. आला तर त्यालाबी भूक लागली आसंल.” मग माझ्याकडे बघून, “ती पोरं सकाळधरनं उपाशी हायेत. तू कालवणाचं बघ.”

मावशींचा विश्वास माझ्यापेक्षा घट्ट आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी तो मेसेज उडवून लावला नव्हता. प्रभू त्या रात्री येऊ शकतो असं त्यांना खरोखर वाटत होतं, म्हणूनच त्यांचा हात थांबला नाही. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, पण त्याच्या आड दोन बाजूंनी माणसं उभी आहेत. एका बाजूला म्हणणारे, की शेवट जवळ आलाय, आता संसाराचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या बाजूला आमचे शिकलेले मित्र, त्यांत ख्रिस्तीही आले, म्हणणारे, की हे येशूच्या दुसऱ्या आगमनाचं खूळ सोडा, प्रेम आणि सेवा तेवढी ठेवा. मला दोघांशी भांडायचं आहे. पहिल्यांशी जरा जास्त, कारण ते माझ्याच घरातले आहेत.

तारखा काढण्याचा नाद जुना आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता, बाप्टिस्ट, सचोटीचा, वर्षानुवर्षं बायबल घेऊन बसणारा. दानिएलाच्या आठव्या अध्यायातल्या 2300 दिवसांची त्याने 2300 वर्षं धरली, इसवी सनापूर्वी 457 पासून मोजायला सुरुवात केली आणि 1843-44च्या सुमारास येऊन पोचला. ते वर्ष गेलं. मग त्याच्या अनुयायांनी नेमकी तारीख काढली, 22 ऑक्टोबर 1844, आणि शेवटी मिलरनेही ती मानली. हजारो लोक त्या दिवसाकडे डोळे लावून बसले. काहींनी पिकं काढलीच नाहीत. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याने बटाटे जमिनीतच ठेवले. काढून करायचंय काय, असा त्याचा हिशेब. 23 तारखेची पहाट उजाडली. आम्ही उजाडेपर्यंत रडत होतो, असं त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवलं आहे.

त्या रडणाऱ्यांवर मला कधी हसू आलं नाही. ज्याची इतकी ओढ होती तो आला नाही, हे दुःख खरं होतं. आणि त्यांची गोष्ट तिथे संपत नाही. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे 1863मध्ये सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी स्थापन केली. नावातच आगमन आहे, म्हणजे वाट पाहणं त्यांनी सोडलं नाही. पण तारीख सोडली, आणि शाळा काढल्या, दवाखाने काढले. पुण्यात औंध रस्त्यावर त्यांचं स्पायसर कॉलेज 1942पासून आहे. एका शेतकऱ्याचे न काढलेले बटाटे आणि औंध रस्त्यावरची वर्गखोली, दोन्ही एकाच विश्वासाची फळं आहेत. फरक पडला तो एका तारखेने.

तारखा सांगणारे सगळेच मिलरसारखे प्रामाणिक नसतात. दक्षिण कोरियात दामी मिशन नावाच्या गटाने 28 ऑक्टोबर 1992 ही तारीख दिली होती. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, पैसे गटाला दिले. पुढाऱ्याला पोलिसांनी त्या दिवसाआधीच अटक केली, तेव्हा त्याच्याकडे पुढच्या वर्षी मुदत पूर्ण होणारे रोखे सापडले. केनियात शाकाहोलाच्या जंगलात तर 2023मध्ये 400हून जास्त प्रेतं उकरून काढावी लागली. उपाशी राहिलं की येशूची भेट होईल असं त्या लोकांना सांगितलं गेलं होतं, असं तपासात पुढे आलं. त्यांत लहान मुलं कितीतरी होती.

केनिया लांब आहे, पण त्याचं बारकं रूप मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेर मंडप टाकून तीन दिवसांची सभा झाली. बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकाने मागे मोठा फ्लेक्स लावला होता, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, म्हणजे प्रकटीकरणातले, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, आणि बाणाने दाखवलेलं ‘आपण येथे आहोत’. तारीख त्याने दिली नाही. पुढची दिवाळी बघायला आपण इथे नसू, एवढंच म्हणाला. आमच्या नात्यातलं एक कुटुंब त्या सभेला तिन्ही रात्री गेलं. त्यांच्या मुलीला बारावीला चांगले गुण होते, नर्सिंगला नाव लागलं होतं. फीचे पैसे भरायचे होते त्या आठवड्यात ते दशमांश आणि दान म्हणून गेले. दिवाळी आली, पुढचीही आली. उपदेशक पुन्हा फिरकला नाही. ती मुलगी आज एका कापडाच्या दुकानात उभी असते. तिच्या आईने मला एकदा विचारलं, “आमचा विश्वास चुकला का गं?” मी म्हटलं, विश्वास नाही चुकला वहिनी, माणूस चुकला. पण ते उत्तर अपुरं होतं हे मला तेव्हाच कळत होतं. फीची पावती आणि प्रभूचं येणं यांत निवड करायची असते, हे त्यांना शिकवलं कुणी? त्या एका उपदेशकाने तीन रात्रींत शिकवलं नाही. आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं कानाडोळा केला म्हणून त्याचं फावलं.

वचन काय म्हणतं ते उघडून बघावं. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असं खुद्द येशू मत्तय 24मध्ये म्हणतो. जो पत्ता पुत्राने उघडला नाही तो मंडपातल्या माणसाला कसा मिळाला, हा प्रश्न आमच्या पाळकसाहेबांनी त्या वेळी उभं राहून विचारायला हवा होता. आणि मीही.

थेस्सलनीका मंडळीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. साधारण इसवी सन 50-51मध्ये प्रेषित पौल त्यांना लिहितो आहे. प्रभू लवकर येणार म्हणून तिथल्या काहींनी कामधंदा सोडला होता आणि ते दुसऱ्यांच्या जिवावर जेवत होते, असंच बरेच अभ्यासक मानतात. पौल त्यांना प्रभू येणार नाही असं म्हणत नाही. तो म्हणतो शांत राहा, आपापला धंदा करा, स्वतःच्या हातांनी काम करा. पुढच्या पत्रात आवाज चढतो. ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. काम न करता नसत्या उठाठेवी करणारे, असं तो त्यांना म्हणतो, आणि ते मला फार बरोबर वाटतं. रात्री दोनला युद्धाच्या बातम्या जोडून प्रकटीकरणातल्या पशूचा आकडा काढत बसणं, 2021मध्ये लस म्हणजेच पशूचं चिन्ह असे मेसेज पुढे ढकलून म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यापासून लांब ठेवणं, या उठाठेवीच आहेत. त्यांना जागृती म्हणू नये.

थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात तो उताराही आहे ज्यावर सगळी ‘रॅप्चर’ची इमारत उभी आहे. आपण प्रभूला सामोरे होण्यासाठी मेघारूढ असे घेतले जाऊ. यावरून विश्वासणारे गुपचूप वर जातील आणि जग मागे जळत राहील, अशी जी मांडणी सभांमधून ऐकायला मिळते, ती जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने 1830च्या दशकात रुजवली आणि 1909मध्ये निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांच्या बायबलने घरोघर नेली. म्हणजे जेमतेम दोनशे वर्षांची. तिला प्रेषितांची शिकवण म्हणून विकू नये. खरी गंमत ‘सामोरे’ या शब्दात आहे. मूळ ग्रीक शब्द अपांतेसिस. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी येतो. दहा कुमारींच्या दाखल्यात मध्यरात्री हाक येते, वर आला आहे, त्याला सामोऱ्या जा. त्या बाहेर जातात आणि ज्या तयार असतात त्या वराबरोबर लग्नघरात परततात. प्रेषितांच्या कृत्यांत रोमचे बंधू पौलाला घ्यायला अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे येतात आणि त्याच्याबरोबर रोमला परत जातात.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून आमच्या नगरवरून, करमाळ्यावरून पंढरपूरला जाते. पालखी येणार म्हटलं की गाव वेशीपर्यंत सामोरं जातं. पालखीबरोबर पुढे निघून जायला नव्हे, पालखीला गावात आणायला. त्याआधी आठ दिवस रस्ते झाडतात, घरं सारवतात, पाण्याची सोय करतात. माझं बालपण ख्रिस्ती वस्तीत गेलं तरी हे सगळं मी वेशीवर उभी राहून पाहिलं आहे. पौलाचं वाक्य मी त्या वेशीवरून वाचते. प्रकटीकरणाच्या शेवटीही माणसं वर जात नाहीत, नगरी स्वर्गातून खाली उतरते. ज्या गावात प्रभूला आणायचं, तो गाव उकिरडा ठेवून वेशीवर हात जोडून उभं राहण्याला काय अर्थ?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांकडे वळते. ते म्हणतात, एवढे घोटाळे होतात तर हा विश्वासच सोडून द्या. मला ते जमणार नाही, आणि त्याचं कारण धर्मपंडितांचं नाही, आमच्या घरचं आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831मध्ये नगरला आले. पुढच्या दशकांत जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यांतले बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. माझे पणजोबा त्यांतलेच. ‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास तो येणार आहे’ हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा म्हटलं असेल तेव्हा त्यांना भीती वाटली असेल का? मला नाही वाटत. ज्यांना विहिरीवर जाऊ दिलं जात नव्हतं, ज्यांच्या सावलीचा विटाळ होता, ज्यांचं गाऱ्हाणं ऐकणारी चावडी नव्हती, त्यांना कुणीतरी सांगत होतं की हिशेब होणार आहे. मेलेल्यांचासुद्धा. जो वेठबिगारीत मेला, जिची दाद लागली नाही, त्यांचंही नाव पुकारलं जाणार आहे. पोट भरलेल्या माणसाला न्यायाचा दिवस ही धमकी वाटते. आमच्या पणजोबांसाठी ती तारीख होती, कोर्टाची तारीख असते तशी.

आणि इथेच तो विश्वास माणसाला निष्क्रिय करतो हा आरोप मोडतो, निदान मोडायला हवा. लूकच्या अठराव्या अध्यायात येशू एका विधवेची गोष्ट सांगतो. गावातला न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही. ही बाई त्याच्याकडे जातच राहते. माझा न्याय करा. तो कंटाळून अखेर न्याय देतो. ही गोष्ट येशू कुठे नेऊन सोडतो ते पाहा: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? म्हणजे तो येईल तेव्हा ज्या विश्वासाचा शोध घेणार आहे, त्याचं चित्र म्हणून त्याने समोर ठेवली ती कोर्टाची पायरी झिजवणारी बाई.

आमच्यापुरती ती पायरी अगदी खरी आहे. अनुसूचित जातींबाबतचा 1950चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता होता. 1956मध्ये त्यात शीख आले, 1990मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. 2004मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, 2007मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा अशी शिफारस केली, 2022मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. या सगळ्या काळात आमच्या चर्चमध्ये किती उपदेश या विषयावर झाले? मला एक आठवतो. सात कर्ण्यांवर मात्र मी मोजायचं सोडून दिलं. स्वर्गात न्याय मिळेल म्हणून तहसीलला अर्ज करायचा नाही, असं जेव्हा एखादा पाळक सुचवतो, तेव्हा तो त्या विधवेला घरी बसायला सांगतो आहे. जातीच्या दाखल्यासाठी, जमिनीच्या सातबाऱ्यासाठी, चर्चच्याच ट्रस्टच्या हिशेबासाठीसुद्धा, दार वाजवत राहणं हा आगमनाच्या विश्वासाचा भाग आहे असं मी मानते.

महाराष्ट्राला याचं एक उदाहरण लाभलं आहे, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मरणाच्या दारातल्या मुली गोळा करून आणल्या. 1905च्या जूनअखेरीस तिथे मुक्तीमध्ये, म्हणजे रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, ते प्रसिद्ध जागरण झालं. शेकडो मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. पुढे जगभरच्या पेंटेकॉस्टल लोकांनी त्या काळातल्या अशा जागरणांना ‘शेवटचा पाऊस’ म्हटलं, योएल संदेष्ट्याने सांगितलेला, कापणीच्या आधीचा. म्हणजे शेवटाची खूणच. पण मुक्तीत त्यामुळे हातमाग थांबले नाहीत, तेलाचा घाणा थांबला नाही, छापखाना थांबला नाही. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. दुष्काळातून वाचलेल्या, कुणाला नको असलेल्या बायका शिशाचे खिळे जुळवून ते पानोपान छापत होत्या. रमाबाई 5 एप्रिल 1922ला गेल्या, पूर्ण बायबल 1924मध्ये बाहेर आलं. खिळे उलटे वाचावे लागतात, एक अक्षर चुकलं तर ओळ सोडवून पुन्हा बांधावी लागते. शेवटचा पाऊस पडतोय असं जग म्हणत असताना एक बाई बसून काना-मात्रा तपासत होती, हे चित्र मला कुठल्याही फ्लेक्सपेक्षा जास्त शिकवतं.

राहिला मातीचा प्रश्न. ‘पृथ्वी जळूनच जाणार आहे’ हे वाक्य मी नदी, झाडं, वाळू यांचा विषय निघाला की हमखास ऐकते. आधार 2 पेत्र 3:10चा. त्या वचनाच्या शेवटी आपल्या शास्त्रात पृथ्वी व तिच्यावरील कामे ‘जळून जातील’ असं येतं. पण सिनाय आणि व्हॅटिकन ही जी दोन फार जुनी हस्तलिखितं आहेत, त्यांत तिथे वेगळं क्रियापद आहे: ‘सापडतील’, म्हणजे उघडी पडतील. मी यावर बराच वेळ अडकले होते. सीनेचा पूर ओसरला तेव्हा मला ते वचन दिसलं. कुठला ओढा बुजवून प्लॉट पाडले होते, कुठे वाळू उपसून काठ पोकळ केला होता, पुलाखाली किती गाळ साचू दिला होता, सगळं उघडं पडलं होतं. न्यायाचा दिवस असा असणार असेल तर वाळूच्या ट्रॅक्टरकडे पाठ करून ‘मारानाथा’, म्हणजे ‘प्रभो, ये’, म्हणता येणार नाही.

आणि शेवटचा निवाडा कोणत्या प्रश्नांवर होणार हे येशूने मत्तय 25मध्ये आधीच फोडून ठेवलं आहे. भुकेल्याला जेवण, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. परीक्षेचा पेपर हातात असताना आपण तारखेची शिकवणी लावतो, हे मला मंडळीत उभं राहून म्हणायचं आहे, आणि या वर्षी मी ते म्हणणार आहे.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार 2025मध्ये 30 नोव्हेंबरला होता. वाचन याकोबाच्या पाचव्या अध्यायातून झालं: बंधूंनो, प्रभूच्या आगमनापर्यंत धीर धरा, पाहा, शेतकरी पहिला व शेवटचा पाऊस मिळेपर्यंत पिकाची वाट पाहतो. वाचन चालू असताना मावशी मागच्या दाराने आल्या. त्यांचं दीड एकर पुराने खरवडून नेलं होतं. तळ्यातला गाळ आणून टाकायचं काम महिनाभर चाललं होतं. उपासना झाल्यावर मी विचारलं, उशीर का झाला?

“शेवटची खेप पहाटं आली, ती पसरली,” त्या म्हणाल्या. “ज्वारीचा वकूत गेला. हरभरा टाकलाय. उगवला तर एक पाणी द्यावं लागंल, तुझ्या भावाला म्हणावं मोटार दे.”